आण्णा आणि करपलेली साखर

राग ही गोष्ट मूळ रूपात बघायची असेल तर आमच्या चुलत सासऱ्यांना येऊन भेटावं. इतरांना राग येतो. आण्णांना तो यावा लागत नाही, तो त्यांच्याकडे कायमचा राहायलाच असतो. कोंबडा उशिरा आरवला तर ते कोंबड्यावर रागावतात, आणि एखाद्या दिवशी वेळेवर आरवला तर जास्त रागावतात, कारण मग इतके दिवस त्याला काय धाड भरली होती. रहिमतपूरची एसटी चुकली तर कंडक्टरचा उद्धार होतो, वेळेवर आली तर ‘माणसाला पायताण तरी घालू देशील का न्हाई’ म्हणून ड्रायव्हरचा. मी मूळची सांगलीची. आमच्या माहेरी भांडणसुद्धा आधी चहा टाकून मग करायची पद्धत. लग्न होऊन या गावात आले आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या त्यांच्या घरातून पहिल्याच सकाळी जो आवाज ऐकला, त्यावरून मला वाटलं, पलीकडे कुणाचा तरी जीव चाललाय. यजमान म्हणाले, काही नाही, आण्णा दात घासतायत. मीही काही फार शांत बाई नाही, हे इथंच सांगून टाकते. त्यांच्याविषयी लिहायला बसले की अजूनही माझं डोकं तापतं, आणि या खेपेला ते तापायला पुरेसं कारणही आहे.

आण्णा म्हणजे गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत असतो, तो गुळाला येऊन नेमका कधी उतरवायचा हे जो ठरवतो तो गुळव्या. एक क्षण आधी उतरवला तर गूळ बसत नाही, एक क्षण उशीर झाला तर करपतो, काळा पडतो, कडवट लागतो. शेत त्यांचं, ऊस त्यांचा, गुऱ्हाळ त्यांचं. पण काहिलीजवळ दुसऱ्या कुणाला उभं करायचा त्यांचा जीव झाला नाही, म्हणून गुळव्याही तेच. ‘पाक करपला म्हंजे माणूस झोपला’ हे त्यांचं आयुष्यभराचं वचन. आपल्या हातून जन्मात काही करपलं नाही, असं ते शपथेवर सांगतात. कधीमधी काहीलभर रसाचं एखादं आधण लागायचं, नाही असं नाही, पण ते चुलवाणात जाळ घालणाऱ्या जळव्यानं करपवलेलं असायचं. आण्णांनी करपवलेलं नसायचं. अशा दिवशी त्या जळव्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि आण्णा स्वतः मात्र उपाशी झोपायचे.

गुऱ्हाळ बंद पडून आता बरीच वर्षं झाली. ऊस कारखान्याला जातो. काहील गोठ्यामागे पालथी पडलीय आणि तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात. तेव्हापासून आण्णांनी साखर या पदार्थाशी उघड वैर धरलं. नवी सून म्हणून मी पहिला चहा केला तो साखरेचा. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “सांगलीची माणसं गोड बोलत्यात म्हणून ऐकलं हुतं. पर ती साखर टाकून बोलत्यात व्हय.” मी तेव्हा नवी होते म्हणून गप्प बसले. आजची असते तर चहाचं आधणच पुढं केलं असतं.

वैर असलं तरी पाक म्हटला की तो साखरेचा असो नाहीतर कशाचा, त्यावर देखरेख ठेवायचा हक्क जन्मजात आपलाच आहे असं ते धरून चालतात. कराडला एका लग्नात ते मांडवात दिसेनात. शोधाशोध झाली. नवऱ्या मुलीचे चुलत आजोबा म्हणून त्यांचा मान होता, अंतरपाट धरून माणसं खोळंबली होती. आण्णा आचाऱ्याच्या मंडपात, जिलबीच्या पाकाच्या कढईवर वाकून, आचाऱ्याच्या तीन पोरांना फैलावर घेत होते. अक्षता पडल्या तेव्हाही ते तिथंच होते. नंतर जिलबी खाताना सगळे वाहवा करत होते आणि आण्णा कोपऱ्यात बसून ‘पाक वाचवला म्या’ असं ज्याला त्याला ओरडून सांगत होते. त्यांचं नाकही त्यांच्या रागासारखंच, दूरवर पोचणारं. चार घरं पलीकडे कुणाचं दूध लागलं तर तिथल्या बाईला कळायच्या आत आण्णांना कळतं, आणि आण्णांना कळलं की गावाला कळतं.

आणि माणूस आजारी पडलं की त्यांचा राग कळस गाठतो. माझ्या यजमानांचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला, तेव्हा आण्णा दवाखान्यात आले ते पायाकडे बघूनच बोलायला लागले. सगळ्या अंगात या पायालाच तेवढी अक्कल नाही असं त्यांचं म्हणणं होतं. नर्सनं दोनदा हुसकलं तरी बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. घरी गेले नाहीत, जेवलेही नाहीत. अशा माणसावर धड रागावताही येत नाही आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही.

अशा या माणसाच्या घरात आमच्या काकी. काकी म्हणजे त्यांची बायको, माझ्या चुलत सासूबाई. काकींचा सगळा शब्दसंग्रह म्हणजे ‘बरं’. आण्णांनी भाजीत मीठ जास्त आहे म्हटलं तर बरं, कमी आहे म्हटलं तर बरं. मी कित्येकदा म्हणायची, काकी, एकदा तरी उलट बोला हो. त्यावरही त्या म्हणायच्या, बरं.

गेल्या हिवाळ्यात काकी तापानं पडल्या. साधा ताप म्हणता म्हणता सांगलीच्या दवाखान्यात न्यावं लागलं, तिथं माझ्या माहेरच्या माणसांनी सगळं बघितलं. ताप उतरला, तपासण्या चांगल्या आल्या, घरी आणलं. पण अन्नावरची वासना मेली ती मेलीच. औषधांनी तोंडाची चवच गेली होती. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. हाताची हाडं दिसायला लागली, बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, आजार आता काही नाही, पण या वयात पोटात अन्न गेलं नाही तर माणूस असंच संपत जातं. जे खावंसं वाटेल ते द्या. मी काकींना विचारलं, काय खावंसं वाटतंय? त्या म्हणाल्या, करशील ते.

आण्णा त्यांच्यावर दिवसभर ओरडायला लागले. खात न्हाई म्हंजे काय, सोंग हाय, मी काय आता भाकरी चावून देऊ व्हय. भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. जिला उठवत नाही त्या बाईवर हा माणूस घसा फोडून ओरडतोय, आणि ती म्हणतेय, बरं. माझ्या हातातलं लाटणं कितीदा थांबलं असेल. एकदा तर मी जाऊन त्यांना तोंडावर सांगितलं की आण्णा, ओरडून कुणाची भूक वाढत नाही. ते म्हणाले, मग कशानं वाढती ते सांग. मला तेव्हा सांगता आलं नाही, त्याचाही राग आला.

पुण्याला शिकणाऱ्या माझ्या मुलीनं एकदा फोनवरून मला संत्र्याच्या एका पदार्थाची कृती पाठवली होती. अगदी सोपी. संत्र्याची साल आणि तिच्याखालची पांढरी कातडी सुरीनं काढून टाकायची, आडव्या चकत्या करायच्या, बिया काढायच्या. जाड बुडाच्या कढईत नुसती साखर, पाणी न घालता, मंद आचेवर वितळू द्यायची. ती आधी सोनेरी होते, मग तांबूस, मग तांब्याच्या जुन्या भांड्यासारखी. धूर निघायच्या बेतात आली की संत्र्याचा रस ओतायचा. रस पडला की कढई फणकारते, साखर दगडासारखी बसते, पण जरा धीर धरला की परत विरघळते. तो काळसर पाक चकत्यांवर ओतायचा आणि गार करून खायचा. गोड, आंबट आणि शेवटी जिभेवर किंचित कडू. एका रविवारी मी तो केला आणि सहज वाटीभर काकींना नेऊन दिला. काकींनी वाटी संपवली. चकत्या खाल्ल्या आणि वाटी तोंडाला लावून खालचा पाकही प्यायल्या. मी तशीच पळत अंगणात गेले आणि आण्णांना सांगितलं. हीच माझी चूक झाली.

दुसऱ्या दिवसापासून आण्णांनी तो पदार्थ ताब्यात घेतला. पाक आहे म्हटल्यावर तो या घरात दुसरं कोण करणार? आधी त्यांनी तो गुळाचा केला. संत्री आणि गूळ एकत्र शिजून जे झालं ते बघून मला सर्दीवरचा काढा आठवला. काकींनी चमचा लावला, म्हणाल्या, गोड हाय, आणि वाटी बाजूला ठेवली. मग आण्णा, साखरेचे हाडवैरी आण्णा, स्वतः जाऊन साखर घेऊन आले. गावातल्या दुकानातून नाही, कुणी बघेल म्हणून रहिमतपूरच्या बाजारातून, पिशवीत तळाला साखर आणि वर कोबीचे गड्डे ठेवून. संत्रीवाल्याशी त्यांचं त्याच बाजारात कडाक्याचं भांडण झालं, कारण त्यांनी एकेक फळ हुंगून परत त्याच्या टोपलीत टाकलं. घरी येऊन त्यांनी प्रत्येक चकतीचा धागा न् धागा काढला. कढई ठेवली. साखर वितळली, जरा सोनेरी झाली, आणि त्यांनी पटकन गॅस बंद केला.

मी म्हटलं, आण्णा, अजून होऊ द्या, तांबडी होऊ द्या. ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं मी कुणाचा खून करायला सांगतेय. फिकट, नुसता गोड पाक त्यांनी चकत्यांवर ओतला. काकींनी एक तुकडा खाल्ला, म्हणाल्या, गोड हाय. वाटी बाजूला.

मग रोज हेच. रोज नवी संत्री, रोज नवीन कारण. संत्री आंबट होती, कढई पातळ होती, गॅसचा जाळ हा जाळच नव्हे, त्याला उसाच्या चिपाडाचा जाळ लागतो. शेवटी संशय माझ्यावर आला, कारण मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात कढईला नजर लावत होते. मी त्यांना परोपरीनं सांगितलं, की औषधांनी तोंड मेलंय, त्या तोंडाला नुसतं गोड नकोसं होतं, ती शेवटची कडवट चव लागते म्हणूनच त्यांना खाववलं. आण्णा म्हणाले, “ह्या हातानं कवा करपवलं न्हाई, आन् आता बायकूला करपल्यालं खायाला घालू?” मी माझ्या घरी गुपचूप करून द्यावं म्हटलं, तर साखर तांबूस होते न होते तोच त्यांचं नाक भिंतीपलीकडे जागं झालं. मागच्या दारानं आले, कढई उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत म्हशीच्या बादलीत ओतली. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलायचं सोडलं. इकडे काकींना पाणी प्यायलाही उठवत नाही, आणि हा माणूस आपल्या हाताची अब्रू सांभाळतोय. इतका राग मला माझ्या उभ्या आयुष्यात कुणाचा आला नव्हता.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. वजन आणखी उतरलं असेल तर परत सांगलीला आणा, सलाइनवर ठेवू, पण त्याचा कितपत उपयोग होईल सांगता येत नाही. दुपारची वेळ होती. मी तो निरोप घेऊन पलीकडे गेले तर आण्णा परत कढईपुढे उभे. साखर वितळली होती, कडेनं सोनेरी होत होती आणि त्यांचा हात गॅसच्या बटणाकडे चालला होता. मी मध्ये हात घातला. सासऱ्यांच्या हातावर हात ठेवायची आमच्यात रीत नाही, पण मी ठेवला.

“आण्णा, आज गॅस बंद करायचा नाही,” मी म्हटलं. “तुमच्या या अब्रूपायी काकी उपाशी मरतील.”

त्यावर ते जे काही बोलले ते मी लिहीत नाही. माझ्या माहेरापासून सुरुवात झाली आणि साखर कारखान्यापर्यंत पोचली. मीही कमी बोलले नाही. आम्ही दोघं एकमेकांवर ओरडत होतो आणि कढई कुणी बघत नव्हतं. तेवढ्यात दारात काही हललं म्हणून वळून बघितलं तर काकी. कितीतरी दिवसांत आपण होऊन न उठलेल्या काकी भिंतीला धरून उभ्या होत्या, आणि धापा टाकत होत्या.

“आवं, करपू द्या,” त्या म्हणाल्या. “मला करपल्यालंच आवडतंय.”

आण्णा गर्रकन काकींकडे वळले. मग त्यांनी विचारलं, कवापास्नं?

“गुऱ्हाळ हुतं तवापास्नं. आधण करपलं की बुडाची खरवड तुमी म्हशीला घाल म्हणायचा.” काकी दम घ्यायला थांबल्या. “म्हशीला कुटलं घालतीया. मीच खायाची.”

मला हसू फुटलं, पण आण्णांचा चेहरा बघून मी ते गिळलं. सगळा जन्म ज्या गोष्टीची त्यांना लाज वाटली, जी त्यांनी डोळ्यांआड करायला बायकोच्या हातात दिली, ती त्या बाईनं गोठ्याच्या आडोशाला बसून, पदरात धरून, आवडीनं खाल्ली होती. आणि आपण निवडून, पारखून, वेळेवर उतरवलेला पिवळाधमक गूळ तिच्यापुढं धरला तेव्हा ती म्हणत आली होती, गोड हाय.

“मग सांगितलं का न्हाईस?” ते ओरडले. पण तो ओरडा अर्ध्यातच बसला.

“करपलं की तुमी जेवत नव्हता,” काकी म्हणाल्या. “ताट तसंच सारायचा. तसल्यात मी काय सांगू, मला तेच गोड लागतंय म्हणून?”

एवढं मोठं बोलणं मी काकींच्या तोंडून त्याआधी ऐकलं नव्हतं. मी त्यांना धरून पाटावर बसवलं. तेवढ्यात वास आला. आण्णांना तो माझ्या आधी आला असणार, कारण त्यांचा हात आपोआप बटणाकडे गेला. आणि मग त्यांनी दुसऱ्या हातानं तो हात मनगटाला धरला. साखर तांबडी झाली होती, फेसाळत होती. ते कढईकडे बघत नव्हते, काकींकडे बघत होते. बास? त्यांनी विचारलं. काकी म्हणाल्या, अजून जरा. कढईतून धुराची बारीक रेघ निघाली. आण्णांच्या कपाळावर घाम आला होता. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं आला नसेल एवढा. आता? आता, काकी म्हणाल्या. त्यांनी संत्र्याचा रस ओतला, कढई फणकारली तसे ते दचकून मागे सरले, आणि परत पुढे होऊन हलवायला लागले. डोळ्यांत धूर गेला म्हणाले. धूर तेवढा नव्हता.

पाक गार होईपर्यंत तिघंही तिथंच बसून राहिलो. काकींनी वाटी संपवली आणि आणखी थोडं मागून घेतलं. मागून घेतलं, हे लिहितानाही मला बरं वाटतं. आण्णांनी बोट लावून पाक चाटून बघितला, तोंड वेडंवाकडं केलं आणि बोट धोतराला पुसलं.

त्यानंतर त्यांच्या घरातून रोज दुपारी करपल्याचा वास यायला लागला. शेजारीपाजारी काय लागलं म्हणून विचारायला आले की आण्णा दारातूनच त्यांना वाटेला लावायचे. चार दिवसांनी काकींनी संत्र्यांबरोबर पातळ पेज घेतली, मग भात, मग एक दिवस अर्धी भाकरी. सांगलीला परत जावं लागलं नाही. बांगड्या मनगटावर आल्या. मीही आण्णांशी बोलायला लागले, पण राग पुरता गेला असं म्हणणार नाही. एका बाईला काय आवडतं हे कळायला तिला मरणाच्या दारात जाऊन भिंत धरून उभं राहावं लागतं, याचा राग कसा जाईल?

आण्णा बाहेर अजून तसेच आहेत, कोंबड्यावर, एसटीवर, संत्रीवाल्यावर. घरात मात्र आवाज उतरलाय. परवा संध्याकाळी मी काही द्यायला गेले तर दोघं पुढच्या सोप्यात बसले होते. आण्णांनी घसा साफ केला, जमिनीकडे बघत, अगदी अवघडून विचारलं, “आनि काय आवडतंय तुला?”

काकी विचारात पडल्या. मला वाटलं, आता भराभर सांगतील, इतक्या वर्षांचं साठलेलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, परत सोडत राहिल्या. मग संकोचून म्हणाल्या, “आता सुदरत न्हाई बघा.”

“असू दे,” आण्णा म्हणाले. “दमानं आठव.”

ते आता रोज विचारतात. काकी रोज आठवायला बसतात, आणि अजून त्यांना काही आठवलेलं नाही.